शाळेत पणत्या पोचल्या, आता माणसं पाठवा: ब्रिटनमधल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

ब्रिटनमधल्या सर्व महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणीस,

स. न. वि. वि.

ऑक्टोबर उजाडला की मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो: अमक्या प्राथमिक शाळेला दिवाळीवर बोलायला कुणीतरी हवंय, कुणाला जमेल? मग एखाद्या ताई अर्ध्या दिवसाची रजा टाकतात. बॅटरीच्या पणत्या (खऱ्या लावल्या तर फायर अलार्म वाजतो), रांगोळीचे रंग, आकाशकंदील आणि राम अयोध्येला परत आल्याच्या स्लाइड्स घेऊन येतात. चकल्या घरीच राहतात, कारण त्यांत तीळ असतात आणि शाळेच्या ॲलर्जीच्या यादीत तीळ आहेत. तासाभरात सगळं आटोपतं. मुलं खूश, मुख्याध्यापक खूश, ग्रुपवर फोटो.

त्या वर्गात मी दुसऱ्या बाजूला उभी असते. ईस्ट मिडलंड्समधल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते. धर्मशिक्षण, म्हणजे निरनिराळ्या धर्मांची ओळख करून देणारा विषय, माझ्याकडे आहे आणि शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून मी आमच्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, सॅक्रेवर बसते. धर्मशिक्षणाबद्दल सल्ला देणारी ती स्थानिक समिती. तुमच्या त्या तासाभराचं मोल मला चांगलं ठाऊक आहे. तरी दोन गोष्टी मागायच्या आहेत. दिवाळीला शाळेत माणूस पाठवता, तसा सॅक्रेवरही पाठवा. आणि पाठवाल तेव्हा ‘आम्ही हिंदू’ एवढं एकच उत्तर त्याच्या हाती देऊन पाठवू नका.

सॅक्रे हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेलं नसणार. स्टँडिंग ॲडव्हायझरी कौन्सिल ऑन रिलिजियस एज्युकेशन. गणित, इंग्रजी, विज्ञान यांचा राष्ट्रीय अभ्यासक्रम वरून येतो. धर्मशिक्षण त्यात नाही. १९४४ च्या शिक्षण कायद्यापासून ते स्थानिक पातळीवरच ठरत आलं आहे. अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे), मेथडिस्ट, बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथांचा तेव्हा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. मुलांना नेमकं काय शिकवायचं हे सरकारने ठरवलेलं कुणालाच चाललं नसतं, म्हणून प्रत्येक ठिकाणी सगळ्यांनी एकत्र बसून अभ्यासक्रम ठरवावा अशी तोड निघाली. १९८८ च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाला सॅक्रे नेमणं सक्तीचं केलं. इंग्लंडात तिच्यात चार गट असतात. ‘अ’ गटात अँग्लिकन सोडून बाकीचे ख्रिस्ती पंथ आणि इतर धर्म, ‘ब’ गटात चर्च ऑफ इंग्लंड, ‘क’ गटात शिक्षक संघटना, ‘ड’ गटात कौन्सिलचे नगरसेवक. गटात माणसं तीन असोत की पंधरा, मत गटाला एकच. अभ्यासक्रम दर पाच वर्षांनी तपासायचा असतो आणि नवा मंजूर व्हायला चारही गटांचं एकमत लागतं. एकट्या चर्चला काही लादता येत नाही आणि बाकीच्यांना मिळून चर्चला बाहेर काढता येत नाही. फार संथ कारभार आहे. मला तो आवडतो.

याच सॅक्रेकडे आणखी एक अधिकार आहे, तो आपल्या पालकांना क्वचितच माहीत असतो. इंग्लंडातल्या सरकारी शाळेत कायद्याने रोज सामूहिक उपासना व्हायला हवी आणि ती ‘मुख्यतः ख्रिस्ती स्वरूपाची’ असायला हवी. मोठ्या मुलांच्या शाळांतून हे बव्हंशी कागदावरच राहिलंय. प्राथमिक शाळांतून मात्र सकाळच्या असेंब्लीत मुलं डोळे मिटून हात जोडतात. ज्या शाळेत बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नाहीत, तिला सॅक्रेकडे अर्ज करून ‘ख्रिस्ती स्वरूपाची’ ही अट बाजूला ठेवून घेता येते. शिवाय पालकाला आपलं मूल उपासनेतून आणि धर्मशिक्षणाच्या तासातूनही काढून घ्यायचा हक्क आहे. हा हक्क वापरणारं मराठी कुटुंब माझ्या पाहण्यात नाही. उलट चर्चच्या चांगल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून वर्षभर रविवारी चर्चमध्ये हजेरी लावणारी मराठी कुटुंबं मला माहीत आहेत. पाद्रीबाबांनाही ते कळत असतं. कुणी काही बोलत नाही.

सभेत काय चालतं याचा एक नमुना सांगते. सहावीच्या अभ्यासक्रमात मृत्यू आणि अंत्यविधी असा एक भाग आहे. आमच्याकडे तो फेरतपासणीला आला तेव्हा टेबलावर दफनाची माहिती होती, गंगेत अस्थी सोडण्याची होती, ज्यूंच्या सात दिवसांच्या सुतकाची होती. मानवतावादी, म्हणजे देवाशिवाय नीती मानणाऱ्यांच्या, प्रतिनिधीने विचारलं, की या देशात आता कितीतरी अंत्यविधींना ना पाद्री असतो ना प्रार्थना, मृत माणसाबद्दल चार शब्द बोलतात, त्याची आवडती गाणी लावतात. हे मुलांनी घरी पाहिलेलं असतं, मग पुस्तकात का नाही? एका नगरसेवकाला ते पटेना. विषयाचं नावच धर्मशिक्षण आहे, यात धर्म कुठे आहे, असं त्यांचं म्हणणं. मशिदीकडून आलेल्या काकांनी सांगितलं की आमची हरकत नाही, पण मरणानंतर काही नाही हीच खरी गोष्ट आणि बाकी सगळ्या श्रद्धा, असा सूर लागता कामा नये. क्वेकर या छोट्या ख्रिस्ती पंथाचे आजोबा बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, माझ्या बायकोच्या वेळी दालनात बसलेले निम्मे लोक कशावरच विश्वास नसलेले होते आणि ते सगळे रडले. तो भाग अभ्यासक्रमात आला. हिंदू प्रतिनिधीची खुर्ची त्या संध्याकाळी रिकामी होती. त्यामुळे अस्थी सोडायला सगळेच हिंदू गंगेवर जातात हे वाक्य जसंच्या तसं राहिलं. पंचगंगा, गोदावरी, चंद्रभागा यांचं नाव काढायला कुणी नव्हतं. मी शिक्षकांच्या गटातली. बोलले, पण त्या गटातून बोललं की ‘तुम्ही शिक्षक म्हणून बोलताय ना?’ असं विचारलं जातं.

आता शाळेच्या कपाटाकडे येते. इंग्लंडातल्या बहुतेक प्राथमिक शाळांत असतात तसे आमच्याकडेही प्लॅस्टिकचे सहा डबे आहेत. ख्रिस्ती, इस्लाम, हिंदू, शीख, ज्यू, बौद्ध. हिंदू डब्यात पितळेचा गणपती, घंटा, ॐ लिहिलेलं कार्ड, राखी, एक सुकलेली रुद्राक्षमाळ आणि कुंकवाची डबी, जिचं झाकण कधीच नीट लागत नाही. सत्तरच्या दशकापासून सहा धर्मांची ही मांडणी रुजली. त्याआधी धर्मशिक्षण म्हणजे बायबल. तेव्हा स्थलांतरित मुलांच्या शाळांतून शिक्षकांनी मोठ्या जिद्दीने हा बदल घडवून आणला. बर्मिंगहॅमने १९७५ मध्ये आपल्या अभ्यासक्रमात इतर धर्मांबरोबर मानवतावाद आणि साम्यवादही आणला, तेव्हा देशभर गदारोळ झाला होता. त्या मानाने आजचे डबे शहाणे आहेत. पण डबा तो डबाच.

चौथीच्या वर्गात मी एक छापील वर्कशीट वाटलं. त्यात लिहिलं होतं: हिंदू अहिंसा मानतात, म्हणून ते शाकाहारी असतात. एका मुलाने हात वर केला. “मिस, आमच्या देवाला मटण लागतं.” घर साताऱ्याकडचं. कुलदैवताच्या जत्रेला गेल्या उन्हाळ्यात तो जाऊन आला होता, बोकड पाहून आला होता आणि त्याला त्याचं भारी कौतुक होतं. शेजारच्या गुजराती मुलीने नाक मुरडलं आणि म्हणाली, मग तुम्ही हिंदू नाहीच. तो गोंधळून माझ्याकडे पाहायला लागला. दोघंही आपापल्या घरचं खरं बोलत होती आणि खोटं होतं ते वर्कशीट. त्याच मुलाच्या घरी चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो, आजोबांच्या गळ्यात माळ आहे म्हणून ते मटणाच्या दिवशी वेगळ्या पंगतीला बसतात, आणि आई संकष्टी धरते. एका उंबऱ्याच्या आत एवढं सगळं नांदतं. आता सांगा, दिवाळीला आलेल्या ताईंच्या स्लाइड्सवरही ‘हिंदू शाकाहारी असतात’ हे वाक्य असेल, तर त्या पोराने कुणाकडे पाहायचं?

हे वाक्य मी आपल्या मराठी माणसांच्या स्लाइड्सवर पाहिलंय. लिहिणाऱ्या बाईंच्या घरी रविवारी चिकन असतं.

नागपूरहून आलेल्या मुलीची गत याहून वाईट. बौद्ध डब्यात तिबेटी घंटा, प्रार्थनाचक्र आणि डोळे मिटून बसलेल्या भिक्षूचं चित्र. तिच्या घरी भिंतीवर बाबासाहेब आहेत, १४ ऑक्टोबरला धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो, १४ एप्रिलला जयंती असते, आणि आजी बावीस प्रतिज्ञांतल्या अर्ध्या तोंडपाठ म्हणते. यातलं एकही डब्यात नाही. १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी एकदम धर्म बदलला, गेल्या शतकातल्या जगाच्या धार्मिक इतिहासातल्या फार मोठ्या घटनांपैकी ती एक, आणि ती ज्या माणसाने घडवली तो शिकला लंडनमध्ये. तो ज्या घरात राहिला ते प्रिमरोझ हिलमधलं घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेऊन स्मारक केलं. तिथे फुलं वाहायला मंडळांचे लोक जातात, फोटो काढतात. पण शाळेने ‘तुमच्या समाजाबद्दल सांगा’ म्हटलं की या घरांना कुणी फोन करत नाही. मंडळाच्या यादीत ती माणसं आहेत, वर्गणी भरतात, गणपतीतल्या नाटकात कामही करतात. शाळेसाठी मात्र ती नसतातच.

कोकणी मुसलमान आहेत, अहमदनगरकडचे मराठी ख्रिस्ती आहेत, वसईचे आहेत. स्विंडनला जाऊन बघा, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या गोव्याच्या कॅथलिक माणसांनी अख्ख्या गल्ल्या भरल्यात. सगळ्यांनी मंडळात यावं असा माझा आग्रह नाही. पण ‘मराठी संस्कृतीचा परिचय’ अशी पाटी लावून तुम्ही शाळेत जाता, तेव्हा एवढी मोठी वस्ती तुमच्या पाटीखालून निसटते.

आता ज्यांचं नाव मंडळांच्या बैठकीत सगळ्यात कमी निघतं त्यांच्याकडे येते: कशालाच न मानणारे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ३७.२ टक्के लोकांनी ‘कोणताही धर्म नाही’ यावर खूण केली. ख्रिस्ती ४६.२ टक्के, जनगणनेत पहिल्यांदाच निम्म्याखाली. मुसलमान ६.५ आणि हिंदू १.७ टक्के. २००१ मध्ये धर्माचा प्रश्न जनगणनेत पहिल्यांदा आला तेव्हा धर्म नसलेले जेमतेम पंधरा टक्के होते. वीस वर्षांत केवढा फरक पडला पाहा. आपली इथे जन्मलेली मुलंही त्यात आहेत. विशीतली पोरं आरतीला येतात, टाळ वाजवतात, आणि जनगणनेच्या फॉर्मवर वेगळीच खूण करतात. त्याचं दुःख करायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण ती आहेत.

इथला निरीश्वरवाद काल-परवाचा नाही आणि फुकट मिळालेलाही नाही. आमच्यापासून जवळच असलेल्या नॉर्दॅम्प्टनने १८८० मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ यांना निवडून दिलं. ते जाहीर नास्तिक. देवाच्या नावाने शपथ घेण्यावरून असा वाद पेटला की संसदेने त्यांना बसू दिलं नाही, एकदा तर घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडलं. नॉर्दॅम्प्टनच्या लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून पाठवलं. १८८६ मध्ये ते सभागृहात बसले आणि दोनच वर्षांनी देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा करायचा हक्क सगळ्यांना देणारा कायदा झाला. १८८९ च्या डिसेंबरात हेच ब्रॅडलॉ मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते. ‘हिंदुस्थानचा खासदार’ असं त्यांना इकडे चिडवायचे. मग १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी निवडून आले आणि त्यांनी खोर्देह अवेस्ता या पारशी प्रार्थनाग्रंथावर हात ठेवून शपथ घेतली. ज्या दारातून पारशी आत गेला ते आधी कॅथलिकांनी, ज्यूंनी आणि नास्तिकांनी धक्के मारून किलकिलं केलेलं होतं.

हे धक्के अजून चालू आहेत. सरकारने सोळा वर्षांच्या मुलांच्या परीक्षेचा अभ्यासक्रम ठरवताना असं म्हटलं होतं, की हा आशय शिकवला की धर्मशिक्षणाची कायदेशीर जबाबदारी पूर्ण होते. बिगरधार्मिक विचारांना त्यात पुरेशी जागा नव्हती. काही पालक कोर्टात गेले. २०१५ मध्ये न्यायमूर्ती वॉर्बी यांनी सरकारचं ते म्हणणं कायद्याला धरून नाही असा निकाल दिला. ज्ञान देताना राज्याने वस्तुनिष्ठ, चिकित्सक आणि अनेक मतांना जागा देणारं असलं पाहिजे, ही युरोपीय मानवी हक्क न्यायालयाची जुनी कसोटी त्यामागे होती. २०२२ पासून वेल्सने तर विषयाचं नावच ‘धर्म, मूल्यं आणि नीती’ असं केलं. केंटमध्ये एका मानवतावादी माणसाला सॅक्रेच्या ‘अ’ गटात घ्यायला कौन्सिलने नकार दिला, तर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो नकार बेकायदा ठरवला. म्हणजे देव न मानणाऱ्यालाही त्या टेबलावर बसता येतं. मग आपला एखादा आगरकरी वळणाचा, अंनिसच्या शिबिरांत वाढलेला माणूस तिथे का नसावा? महाराष्ट्रातून येताना आपण फक्त ताम्हण आणि समई घेऊन आलो नाही. चिकित्सेची परंपराही बॅगेत होती. २०१३ मध्ये पुण्यात डॉ. दाभोलकरांना गोळ्या घालून मारलं, तेव्हा या देशातल्या कितीतरी मराठी घरांत त्या रात्री जेवण गेलं नव्हतं. ती घरं शाळेला काय सांगतील हे ऐकायला मला फार आवडेल.

यावर मंडळांकडून काय उत्तर येतं ते मला ठाऊक आहे, कारण मी ते ऐकलंय. आपण आधीच मूठभर. बाहेर एकच आवाज गेला पाहिजे. घरातली भांडणं गोऱ्यांसमोर कशाला? २०२२ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस लीस्टरमध्ये हिंदू आणि मुस्लिम तरुणांत जी दंगल झाली त्यानंतर तर हे म्हणणं आणखी जोरात येतं. त्यात तथ्य मुळीच नाही असं मी म्हणणार नाही. रस्त्यावर दगड पडत असताना ‘आमच्यात अनेक मतं आहेत’ हे सांगायला कुणी थांबत नाही. पण तेव्हाही पंचाईत हीच झाली की पोलिसांना आणि कौन्सिलला बोलायला प्रत्येक बाजूचा एकेक ‘समाजनेता’ हवा होता. अशा वेळी जो सगळ्यात मोठ्याने बोलतो तो सगळ्यांच्या वतीने बोलतो. मग आपल्या पोरांची मतं दुसऱ्याच्याच तोंडून बाहेर पडतात.

याचा दोष निम्मा तरी ब्रिटिश पद्धतीकडे जातो. तिला प्रतिनिधी फार आवडतात. ‘हिंदू’ या रकान्यासमोर एक नाव, एक फोन नंबर, की झालं. मी पाहिलेल्या सभांत ही नावं बहुतेक गुजराती मंदिरांतून आलेली. त्याचंही कारण आहे. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने हाकललेली माणसं लीस्टरला यायला निघाली, तेव्हा लीस्टर कौन्सिलने युगांडाच्या वर्तमानपत्रात इकडे येऊ नका म्हणून जाहिरात दिली होती. तरी ती आली. शाळा, स्मशान, सुट्ट्या या प्रत्येक गोष्टीसाठी कौन्सिलच्या पायऱ्या झिजवल्याखेरीज त्यांना गत्यंतर नव्हतं. आपण बरेचसे डॉक्टर म्हणून किंवा कंपनीच्या व्हिसावर आलो. गळ्यात आयडी, महिन्याला पगार. कौन्सिलकडे काम पडलं ते कचऱ्याच्या बिनपुरतं आणि पार्किंगपुरतं. ज्यांनी खुर्च्या मिळवल्या त्यांना नावं ठेवायचा आपल्याला काही हक्क नाही. शेजारी जाऊन बसायचा आहे.

जर्मनीतल्या आणि नेदरलँड्समधल्या मंडळींनी हे पत्र वाचलं तर त्यांना वाटेल, हे आमच्याकडचं नाही. खरंय. जर्मनीत शहरात नोंदणी करतानाच धर्माचा रकाना समोर येतो, कारण त्यावर चर्चचा कर ठरतो, आयकराच्या आठ किंवा नऊ टक्के. आपली मंडळी तिथे ‘काही नाही’ लिहून मोकळी होतात. बर्लिनमध्ये सातवीपासून नीतीशिक्षण सक्तीचं आहे आणि धर्माचा तास ऐच्छिक. हॅम्बुर्गने २०१२ मध्ये मुस्लिम संघटनांशी आणि तुर्कस्तानातून आलेल्या अलेवी पंथाच्या समाजाशी करार केले. रचना निराळी आहे, पण शाळा पालकाला विचारते तो प्रश्न तोच: तुम्ही कुठल्या धर्माचे?

या प्रश्नाला एका मराठी बाईने इथेच, जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी उत्तर दिलेलं आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला आल्या, वाँटेजच्या मठात राहिल्या, तिथेच बाप्तिस्मा घेतला, मग चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवलं. आपल्याकडे पुण्यात त्यांच्यावर आगपाखड चालू होती, धर्म बुडवला म्हणून. आणि इकडे ज्यांनी त्यांना आपल्यात घेतलं त्या अँग्लिकन मंडळींशीही त्यांचं जमेना. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा, सिद्धान्त मला पटत नाही, म्हणाल्या. क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्येच का, संस्कृतमध्ये का नको, म्हणून अडून बसल्या. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यांनी जे लिहिलं त्याचा अर्थ असा, की भटांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, ती आता दुसऱ्या तशाच जोखडात देणार नाही. हिंदूंनाही त्या नको झाल्या आणि बिशपांनाही. आजच्या सॅक्रेत त्यांना कुठल्या गटात बसवलं असतं? मला तरी सांगता येत नाही. आणि माझ्या वर्गात बसलेल्या पोरांपैकी निम्म्यांबद्दलही ते सांगता येत नाही.

जोतीरावांनी तर घरच मांडून दाखवलं. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापल्या गेलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एक कुटुंब आहे. बाईने बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध व्हावं, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलाने सत्यधर्मी व्हावं, आणि कुणी कुणाच्या धर्माचा हेवा न करता एका घरात गोडीगुलाबीने राहावं. हा उतारा मी इंग्रजीत करून सभेत वाचला. क्वेकर आजोबांनी तो दोनदा वाचायला लावला, आणि मशिदीच्या काकांनी प्रत मागून घेतली. इथे शिक्षण क्षेत्रातल्या आयोगाने २०१८ मध्ये अहवाल दिला, की सहा धर्मांच्या याद्या पाठ करवून घेण्यापेक्षा प्रत्येक माणसाची जगाकडे पाहण्याची एक दृष्टी असते, धार्मिक असो वा नसो, तिच्यापासून सुरुवात करा. त्यावर इंग्लंडात अजून काथ्याकूट चालू आहे. आमच्याकडे हे पुण्यातल्या एका माळ्याने केव्हाच लिहून ठेवलंय, हे सांगताना मला थोडा गर्व झाला, तो मी लपवला नाही.

आता कामाचं. आपापल्या कौन्सिलच्या वेबसाइटवर सॅक्रेचं पान असतं. त्यावर क्लार्कचा पत्ता आणि सभांच्या तारखा असतात. सभा साधारण सत्रातून एकदा होते. ‘अ’ गटात जागा रिकामी आहे का, असं सरळ विचारा. बऱ्याच ठिकाणी असते, आणि क्लार्क उत्तर देताना आनंदाने उडी मारतो. जागा एकच मिळाली तर जाणाऱ्याने आधी मंडळाबाहेरच्या घरांशीही बोलून घ्यावं. आंबेडकरी मंडळींशी, नास्तिकांशी, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांशी, त्यांचे आईबाप खोलीत नसताना. त्यांना वेगळी जागा हवी असेल तर तिला मंडळाने पाठिंब्याचं पत्र द्यावं. शाळेत जाणाऱ्या ताईंना आणि दादांना एवढंच सुचवते, की ‘हिंदू असं मानतात’ या सुरात बोलू नका. आमच्या घरी असं करतात, शेजारच्या मराठी घरी तसं करतात, आणि माझा भाऊ यातलं काहीच करत नाही, असं सांगा. मुलांना ते लगेच कळतं. त्यांच्या घरीही तेच चाललेलं असतं.

घाई करायचं कारण आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्राध्यापक बेकी फ्रान्सिस यांच्या समितीने अभ्यासक्रमाचा आढावा घेऊन धर्मशिक्षण राष्ट्रीय अभ्यासक्रमात आणावं अशी शिफारस केली आहे. तसं झालं तर १९४४ पासून गावोगाव चालत आलेला हा संथ कारभार कितपत उरेल हे सांगणं कठीण. सरकारी पैशांवर पण कौन्सिलच्या ताब्याबाहेर चालणाऱ्या ज्या अकादमी शाळा आजच स्थानिक अभ्यासक्रमाला बांधील नाहीत त्यांनाही तो मग लागू होईल, ही चांगली बाजू. पण मसुदा वर तयार होऊ लागला की मतं मागवली जातील ती ओळखीच्या संस्थांकडून, आणि त्या यादीत आज आपण कुठेच नाही. जिथे लहान टेबलावर बसायला मिळतंय तिथे बसून बोलायची सवय करून घ्यायला फार तर दोन-तीन वर्षं हातात आहेत असा माझा अंदाज आहे.

तेव्हा पुढच्या कार्यकारिणीच्या सभेत, गणपतीच्या हॉलच्या भाड्याचा विषय संपला की, हा विषय घ्या. कोण जाणार हे ठरवा आणि क्लार्कला पत्र लिहा. पत्राचा मसुदा हवा असेल तर मी देईन. आणि ज्यांना मंडळाच्या नावाने जायचं नाही, किंवा मंडळ ज्यांना पाठवणार नाही, त्यांनी स्वतःच्या नावाने जाऊन मागच्या रांगेत बसावं. या सभा लोकांना खुल्या असतात.

आपली,
मिडलंड्समधली एक मराठी शिक्षिका